कलाकारांचे पिवळे शर्ट

नांदेडच्या निरीक्षणगृहात मी इंटर्नशिप केली ती कॉलेजने करायला लावली म्हणून. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला कुठेतरी ‘फील्ड’वर जावं लागतं. आमच्या लातुरात फील्ड म्हणजे कोचिंग क्लासची पोरं, आणि त्यांना मन मोकळं करायला वेळ नसतो. नांदेडला आत्याचं घर होतं, जेवणाची सोय होती, म्हणून नांदेड. याहून उदात्त कारण माझ्याकडे नव्हतं. तिथे भेटलेल्या बाकी सगळ्यांकडे होतं.

निरीक्षणगृह म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, अठराच्या आतल्या मुलांना केस चालू असताना ठेवतात ती जागा. ऑटोवाल्याला निरीक्षणगृह म्हटलं तर तो गोंधळतो. रिमांड होम म्हटलं की थेट फाटकाशी सोडतो आणि पैसे घेताना तुमच्याकडे एकदा नीट बघून घेतो. तिथे एक संस्था मुलांसाठी कलेचा कार्यक्रम चालवायची आणि मी त्या संस्थेची इंटर्न होते. माझं काम रंग आणणं, ब्रश धुणं आणि रोज संध्याकाळी इंग्रजीत रिपोर्ट लिहिणं. मला कुणाशी पटकन बोलता येत नाही. पण दुसरं कुणी काय बोललं ते मी इंग्रजीत शोभेल असं लिहू शकते. इंग्रजी शाळेने मला एवढं नक्की शिकवलं, आणि संस्थेलाही तेवढंच हवं होतं.

संस्थेच्या प्रमुख बंगळुरूहून यायच्या. त्यांची आजी मराठी होती, तेवढ्या भांडवलावर त्या मराठी बोलत. सगळ्यांनी त्यांना दीदी म्हणायचं असा नियम होता. अधीक्षकसुद्धा म्हणायचे, थोडं खोकून. त्यांचं मराठी कधी चुकायचं नाही. पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखं स्वच्छ वाक्य यायचं आणि मुलं एकमेकांकडे बघायची.

“तुझ्या आत आत्ता काय घडत आहे?” त्यांनी एकदा एका मुलाला विचारलं.

त्याने बराच विचार केला. “भूक, दीदी.”

दीदींनी फळ्यावर ‘भूक’ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. संध्याकाळी मला म्हणाल्या, “रिपोर्टमध्ये हंगर लिहू नकोस. लाँगिंग लिही.” मी लिहिलं. त्या दिवशी जेवण उशिरा आलं होतं, हे लिहायला रिपोर्टमध्ये रकाना नव्हता.

या सत्रांना ‘वर्तुळ’ म्हणायचे. गोल बसायचं, डोळे मिटायचे, मनातला रंग सांगायचा. काळजीवाहक काका दाराशी स्टुलावर बसलेले असत. डोळे मिटा म्हटलं की सर्वांत आधी त्यांचे मिटत आणि शेवटपर्यंत उघडत नसत. मुलं निळा, हिरवा, निळा असं पाळीपाळीने सांगून टाकायची. शाळेत हजेरी देतात तसं. मग दीदी हातावर हात ठेवून म्हणायच्या, “किती धैर्य लागतं हे सांगायला.” निळा म्हणायला किती धैर्य लागतं मला माहीत नाही. पण दर पंधरवड्याला त्यांना विमानाने येऊन हे ऐकावंसं वाटायचं, त्याला काहीतरी लागत असणार.

त्या मुलांतला एक सतरा वर्षांचा होता, इस्लापूरकडचा. गाडीच्या केसमध्ये आत आला होता. केस काय होती ते मी इथे सांगणार नाही. संस्थेने ती इतक्या पाहुण्यांना सांगितली आहे की आणखी कुणाला कळायची गरज उरलेली नाही. हडकुळा, मोठ्या पंजांचा मुलगा. वर्तुळात त्याचं लक्ष कायम वरच्या पंख्याकडे असायचं. दीदींना वाटायचं तो अंतर्मुख आहे. तो एकदा मला हळूच म्हणाला, “ताई, त्या पंख्याचं बेरिंग गेलंय. पडल एखाद दिवशी. दीदीच्या बराबर डोक्यावर हाय.”

त्याचा बाप त्याचा ताबा घ्यायला तयार नव्हता. भेटायलाही आला नव्हता. आईचं घरात चालत नव्हतं. राहिला हिमायतनगरचा मामा. त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं, म्हणजे शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यात नवी तार गुंडाळून द्यायची. मामाने बाल न्याय मंडळापुढे हमी दिली तर मुलगा त्याच्याकडे जाणार होता. नाहीतर केस संपेपर्यंत इथेच, आणि केस कधी संपेल हे तिथे कुणीच कुणाला विचारत नसे. मामाने कळवलं होतं की आधी पोराला येऊन बघतो, मग सहीचं. संस्थेचा समारोपाचा कार्यक्रम होता, त्याला पालकांना बोलावलं होतं. मामा त्याच दिवशी येणार असं ठरलं.

तेव्हापासून तो मुलगा दिवस मोजायला लागला. तोवर कुठल्याच कामात न दिसलेला उत्साह त्याला आला. ब्रश न सांगता धुऊन ठेवायचा.

“मामा फोनवर काय म्हणाले?” मी विचारलं होतं.

“एकच इचारतो. कलाकारी बंद झाली का न्हाई अजून.”

त्याच आठवड्यात संस्थेची बैठक झाली आणि दीदींनी आपली नवी कल्पना सांगितली. सरकारी कागदावर या मुलांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. हा शब्द दीदींना अमानुष वाटत होता, आणि तो आहेच. तिथल्या एकाही मुलाला तो उच्चारता येत नव्हता. त्याच्या जागी एक उजळ शब्द आणायचा. समारोपाला प्रत्येक मुलाच्या अंगात पिवळा टीशर्ट, आणि छातीवर मोठ्या अक्षरांत ‘मी कलाकार’.

बैठकीत टाळ्या वाजल्या. बैठकीला आम्ही मोजकीच माणसं होतो आणि बाकीची पुण्यातून स्क्रीनवर होती. तीही टाळ्या वाजवताना दिसत होती, आवाज बंद होता.

आता आमच्याकडे कलाकार कुणाला म्हणतात हे सांगायला हवं. माझ्या काकांची लातुरात डाळमिल आहे. एखादा माणूस पोत्यात वर सुकी तूर आणि खाली ओली भरून आणायचा, तेव्हा काका हमालांना सांगायचे, “कलाकार आलाय, पोतं तळापर्यंत बघा रे.” लग्न जमवताना मुलगा ‘जरा कलाकार आहे’ असं कुणी म्हटलं तर चहा न पिता लोक उठतात. सोंग करणारा, हातचलाखीचा, सापडला तरी हसणारा, तो कलाकार. पोलीस मुलांना व्हॅनमध्ये चढवताना हाच शब्द वापरायचे: “चला हो कलाकार, बसा सरकून.” म्हणजे दीदींनी मुलांच्या छातीवर छापायला निवडलेला शब्द त्यांना आधीच मिळालेला होता. छापायचा तेवढा राहिला होता.

मी हात वर केला. बैठकीत हात वर करणं मला शाळेपासून जड जातं. म्हणाले, इकडे या शब्दाचा दुसरा अर्थ होतो. कोणता ते सांगितलं. दीदींनी मान तिरकी करून ऐकलं, अगदी वर्तुळात ऐकतात तसं.

“हे फार महत्त्वाचं सांगितलंस तू,” त्या म्हणाल्या. “म्हणजे हा शब्द आपण परत मिळवायचा आहे. रिक्लेम.”

स्क्रीनवरच्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझी हरकत त्यांच्या कल्पनेचा पुरावा झाली होती. बैठकीच्या टिपणात ती माझ्या नावाने गेली, आणि टिपण मीच लिहिलं.

टीशर्ट आणायलाही मलाच पाठवलं. फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात गठ्ठा बांधून ठेवला होता. दुकानदाराने वरचा एक उलगडून दाखवला, अक्षरांवरून हात फिरवला.

“कोणत्या पक्षाचे हायेत?”

“पक्षाचे नाहीत. एका संस्थेचे आहेत.”

“बरं बरं. मला वाटलं कुणी खरं बोलून राहिलं.”

कापड इतकं पातळ होतं की पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. संस्थेने मुलांच्या प्रतिष्ठेवर बराच विचार केला होता, कापडावर केला नव्हता.

शर्ट वाटले तेव्हा मुलं आधी हसली. एकमेकांच्या छातीकडे बोट दाखवून, “वा रे कलाकार”, “तू तर हायेसच”, “मापात शिवलाय तुला” असं बराच वेळ चाललं. दीदींनी त्याचा व्हिडिओ काढला आणि त्याला ‘आनंद’ असं नाव दिलं. इस्लापूरचा मुलगा हसत नव्हता. मी रंगांचे डबे आवरत होते तिथे आला.

“ताई, साधा न्हाई का एखादा? बिनलिहिलेला?”

“सगळ्यांना हाच आहे.”

“मामाला वाचता येतं पण.”

मी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“दुकानाची पाटी त्यानंच रंगवलीय सोताच्या हातानं. येऊन बघंल अन् म्हणंल, घ्या, इथं तर छापूनच दिलंय.” तो शर्टाची घडी पुन्हा पुन्हा घालत होता. “मी त्या दिवशी आजारी पडू का?”

“मग मामा भेटणार कुणाला?”

“हाव. ते बी हाय.” मग घडी काखेत मारून, “तुम्ही दीदीला इंग्रजीतून सांगा न. मराठीतून सांगितलं की त्यांना गोड वाटतं.”

म्हणून मी दुसऱ्यांदा गेले. यावेळी इंग्रजीतून, आणि एकटीने. सांगितलं की या मुलाचा ताबा या भेटीवर आहे; मामा शर्ट वाचेल आणि परत जाईल; या एकाला आपला साधा सदरा घालू द्या. दीदींनी माझा हात हातात घेतला. मला हात धरलेला आवडत नाही. त्या म्हणाल्या की मामांची भीती त्या समजू शकतात, ती आपल्या भाषणातून हाताळतील. एकाला वेगळं केलं तर समूहाची ऊर्जा तुटेल. आणि मग म्हणाल्या, “ट्रस्ट द प्रोसेस.” या तीन शब्दांनंतर त्या संस्थेत कुणी पुढे बोलत नसे.

अधीक्षकांकडे जाऊन बघितलं. ते म्हणाले, “शर्ट माझ्या अधिकारात येत नाही.” त्यांच्या अधिकारात काय येतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कायद्याप्रमाणे या मुलांचे चेहरे कुठे दाखवता येत नाहीत. फोटो तर हवे होते, कारण देणगी देणाऱ्या कंपनीचे साहेब येणार होते. त्यावर मुखवट्यांचा तोडगा निघाला. प्रत्येकाने कागदाच्या लगद्याचा, आपल्या भावनेचा मुखवटा करायचा. इस्लापूरच्या मुलाने एक चौकोनी, सपाट, काळा मुखवटा केला, डोळ्यांच्या जागी एक आडवी फट.

“ही कोणती भावना आहे?” दीदींनी विचारलं.

“वेल्डिंगचं हाय.”

त्याखाली चिठ्ठी लागली: ‘आत्मरक्षण’.

म्हणजे शेवटी चित्र असं होणार होतं: चोरीमारीच्या आरोपातली मुलं, तोंडावर मुखवटे, छातीवर ‘मी कलाकार’. पोलिसांना एवढं नेमकं जमलं नसतं. हे फक्त मला दिसत होतं असं नाही. काळजीवाहक काका स्टुलावरून सगळं बघत होते.

समारोपाच्या दिवशी सकाळी मुलांना तयार करायला मी मागच्या खोलीत गेले. तुटक्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. बाकीची मुलं शर्ट घालून मुखवट्यांच्या दोऱ्या बांधत होती. तो एका खुर्चीवर उघडाच बसला होता, शर्ट मांडीवर.

“घाल ना रे,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

काकांनी दारातून डोकं आत घातलं. “उलटा घाल की येड्या. आतली बाजू वर. कोण बघतंय.”

त्याने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्याने शर्ट उलटा करून घातला. शिवणी बाहेर, मानेपाशी कंपनीची पांढरी चिठ्ठी फडफडत. शेजारच्या मुलाने ते बघितलं आणि आपलाही काढला. मग तिसऱ्याने. बघता बघता खोलीत सगळ्यांचे हात वर आणि डोकी पिवळ्या कापडात अडकलेली. त्या संस्थेत इतक्या महिन्यांत मुलांनी ठरवून केलेली ही एकच गोष्ट मी पाहिली.

दीदी आल्या, थबकल्या. मला वाटलं आता सगळे शर्ट सरळ होणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कुणी सुचवलं हे?”

काका छताकडे बघत होते.

“ब्रिलियंट,” दीदी म्हणाल्या आणि मंचावर जाऊन तसंच सांगितलं. या मुलांनी जगाने दिलेली ओळख बाहेरून आत वळवली आहे; ‘कलाकार’ हा शब्द आता त्यांच्या हृदयाला चिकटून आहे. कंपनीचे साहेब मान हलवत होते. उलट्या शर्टांचे भरपूर फोटो निघाले. मुलांनी मुखवटे लावून एक गाणं म्हटलं. लगद्याच्या आतून ते दुसऱ्या खोलीत कुणीतरी कण्हल्यासारखं येत होतं. शेवटच्या ओळीला टाळ्या पडल्या आणि शर्टाविषयी आमचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, हे विचारायची जागाच उरली नाही.

मामा मागच्या रांगेत बसला होता. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, बोटं तारेच्या कामाने काळी पडलेली. टाळ्या वाजवत नव्हता. बाजूला एक पाहुण्या बाई त्याला काहीतरी समजावत होत्या, तो “हां, हां” करत होता आणि मंचावरची नजर काढत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मी मुलाला व्हरांड्यात घेऊन गेले. मुखवटा त्याच्या हातात होता. मामाने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“चालीवरून वळखलो. बापागत चालतोस.”

मुलगा पाया पडला.

“शर्ट उलटा कामून?”

मुलगा मुखवट्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

“आं? सगळ्यांचाच उलटा हाय. इथली रीत हाय का?”

ते पातळ कापड उन्हात आलं होतं आणि छातीवर उलटी अक्षरं दिसत होती. मामाने दोन बोटांनी शर्टाची कड धरली, वर उचलून आतली बाजू वळवली आणि दुकानाची पाटी वाचावी तसं सावकाश वाचलं. “मी. कलाकार.”

मुलाचं पोट उघडं पडलं होतं, पण तो हलला नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

“तू लिहून घेतलंस?”

“न्हाई. सगळ्याला दिले. ह्या लोकांनी.”

“मग घातला असता सरळ. सगळे घालणारच व्हते.”

“तुम्ही येणार म्हून.”

मामाने कड सोडली. बराच वेळ तो शर्टाकडे नाही, मुलाच्या तोंडाकडे बघत होता. आतून खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता.

“म्हंजे लाज हाय अजून,” तो म्हणाला. “बस झालं मग. बाकीचं शिकवता येतं.” मग माझ्याकडे वळला. “बाई, सही कुठं करायची?”

“इथे नाही. मंडळापुढे करावी लागेल. तारीख मिळेल.”

“मग आज इथं काय व्हतं?”

“कार्यक्रम होता.”

“कशाचा?”

मी तिथे इतके महिने काढले होते. मला एका वाक्यात सांगता आलं नाही. मामाने पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढून भाच्याच्या हातात दिला. “वाटून खा. एकटा खाऊ नको.”

मंडळापुढे मामा आला, हमी दिली, मुलाला घेऊन गेला. त्या दिवशी तिथे संस्थेचं कुणी नव्हतं, कारण दीदींची बंगळुरूला परिषद होती. परिषदेत त्यांनी त्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यात मामा दीदींचं भाषण ऐकून हेलावला आणि तिथल्या तिथे भाच्याला मिठी मारली. मला ही गोष्ट कळली, कारण तिचं इंग्रजी तपासायला माझ्याकडे आलं होतं. मी एक स्वल्पविराम बदलला.

परतल्यावर दीदींना फिल्म करायची होती. हिमायतनगरला कॅमेरा घेऊन जायचं, दुकान, मामा, मोटारी, पुनर्जन्म. मामाचा नंबर माझ्याकडे होता, म्हणून फोन मी करायचा.

“कोण बोलतंय?”

“नांदेडहून. रिमांड होममधली ताई.”

“हां बाई, बोला.” मागे हातोडीचा आवाज होता, मग थांबला.

“कसा आहे तो?”

“मोटार भरून राहिलाय. बोटं कापून घेतो अधनंमधनं. येईल हातात.”

मी फिल्मचं सांगितलं. पलीकडे चपला सरकवल्याचं ऐकू आलं. मग त्याचा आवाज खाली आला, बहुतेक तो दुकानाबाहेर आला होता.

“बाई, इथं लोकाला तो माझा भाचा हाय एवढंच मालूम हाय. इस्लापूरला शाळा जमंना म्हून आणला, असं सांगितलंय.”

“हो.”

“कॅमेरा आला तर लोक इचारतील, कशाची शूटिंग हाय. मी काय सांगू?”

“काही सांगू नका,” मी म्हणाले. “कुणी येणार नाही.”

हे मी कोणत्या अधिकारात म्हणाले मला माहीत नाही. फोन ठेवला तेव्हा दीदी दारात उभ्या होत्या.

“काय म्हणाले?”

“नाही म्हणाले.”

“साहजिक आहे. पहिल्यांदा सगळे नाही म्हणतात. नंबर दे, मी बोलते. विश्वास निर्माण करावा लागतो.”

“माझ्याकडे नाही,” मी म्हणाले.

फोन माझ्या हातातच होता, स्क्रीन अजून चालू. दीदींनी त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या वाट बघत राहिल्या. गप्प बसून माणसाला बोलतं करायची त्यांची ती पद्धत होती, वर्तुळात ती चालायची. मला गप्प बसायची सवय त्यांच्याहून जुनी आहे. थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप बंद झाली.